मामाचा फेटा आणि माझं रिग्रेट

माफी मागायला इंग्रजी ही फार सोयीची भाषा आहे, असं माझं पंचवीस वर्षं ठाम मत होतं. त्या मताची लॅमिनेशन केलेली प्रत सध्या चकलांब्याला माझ्या मेहुण्याच्या कपाटात आहे.

मी अंबाजोगाईत एका शाळेवर इंग्रजी शिकवतो. पोरं पाठीमागं मला 'फरक सर' म्हणतात. (तोंडावर नुसतं 'सर' म्हणतात. फरक आहे!) कारण दर सोमवारी मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक लिहून ठेवतो. हाऊस म्हणजे विटा-सिमेंटचं, होम म्हणजे जिथं उशीर झाला तर कुणीतरी आपल्याला बोलतं ते. हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. माझ्या बायकोनं, शोभानं, हा दुसरा फरक लगेच उचलला. "ह्यांनी मला आयुष्यभर हिअरच केलं," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगते. मला मात्र तिच्या इंग्रजीचं कौतुकच वाटतं.

तर, आमच्या अश्विनीचा साखरपुडा होता. एकुलती एक लेक, त्यात नवऱ्याकडची मंडळी पुण्याची, त्यामुळं मी जरा जास्तच ताठ चालत होतो. मानाच्या माणसांसाठी एकवीस फेटे सांगितले होते. बाकीच्यांना रिवाजाप्रमाणं टॉवेल-टोपी. फेटेवाला भराभर डोकी बांधत होता आणि मी शेजारी उभं राहून पुण्याच्या व्याह्यांना एकेका डोक्याची ओळख करून देत होतो. शेवटचा फेटा उरला तेव्हा समोर आमचे मुख्याध्यापक उभे होते. मुख्याध्यापक समोर असले की माझं डोकं चालत नाही, हे दुखणं जुनंच आहे. मी म्हणालो, "बांधा!" आणि फेटे संपले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत अण्णा आले.

अण्णा म्हणजे शोभाचे थोरले भाऊ, अश्विनीचे सख्खे मामा. चकलांब्याचे शेतकरी. सकाळपासून ते आचाऱ्याच्या उरावर बसले होते, कारण भाजीची वांगी त्यांच्या रानातली होती आणि आचारी ती कशीही चिरत होता. वांग्यांची अब्रू राखून ते बाहेर आले आणि सगळ्या रंगीत डोक्यांमध्ये आपलं उघडं डोकं घेऊन उभे राहिले.

मी फेटेवाल्याकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हात झटकून दाखवले. आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं? आपल्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला असता. मी काय केलं? त्यांना पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि व्याह्यांच्या देखत, मोठ्यानं, हसून म्हणालो, "अण्णा, तुम्ही तर घरचेच!"

आपल्याकडं 'तुम्ही तर घरचेच' हे वाक्य माणसाला शेवटच्या पंगतीला बसवताना वापरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जीभ पुढं पळाली, मी मागं राहिलो.

अण्णा पाणी प्याले. जेवले नाहीत. टोपी घडी करून खिशात घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. शोभा मागं धावली, तर तिला म्हणाले, "शोभे, लग्नाला फेटेवाला मामा बघा. पोरीला मांडवात आणायला टोपीवाल्याचं काय काम हाय?"

जीप गेली. लग्न पाच आठवड्यांवर होतं.

भटजी माईकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं म्हणतात, तेव्हा मुलीचा मामाच यावा लागतो. काका चालत नाही, शेजारी चालत नाही. मुख्याध्यापक तर अजिबातच चालत नाहीत. आणि अश्विनीनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "मामा आला न्हाई तर मी खोलीतनं बाहेर येणार न्हाई. पुण्याला तसं कळवून टाका."

"अहो, एक फोन करा," शोभा म्हणाली. "अण्णा, चुकलो म्हणा. मिटतंय."

ऐकायला सोपं वाटतं. पण मी त्या घरचा जावई आहे हो! सव्वीस वर्षं त्या दारात माझ्या पायावर पाणी ओतलं जातंय. मी चहात साखर कमी आहे म्हणालो तर अण्णांच्या चुलीपर्यंत गडबड उडते. अशा जावयानं मेहुण्याला 'चुकलो' कसं म्हणायचं? मी तीनदा फोन लावला. पहिल्यांदा विचारलं, "पाऊसपाणी काय म्हणतंय?" दुसऱ्यांदा विचारलं, "कापूस कसा आहे?" तिसऱ्यांदा काही सुचेना म्हणून पुन्हा पाऊसच विचारला. अण्णा म्हणाले, "सकाळधरनं काय बदल न्हाई," आणि फोन ठेवला.

'चुकलो' हा शब्द माझ्या गळ्यापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. तेव्हा मला ती कल्पना सुचली. मराठीत मान वाकवावी लागते. इंग्रजीत माफी मागितली तर मान ताठ ठेवून मागता येते! शिवाय इंग्रजीत माफीला किती शब्द आहेत. आपल्याला हवा तेवढ्याच वजनाचा घ्यायचा. मी तर त्या दुकानाचा मालकच. मी सगळ्यात हलका उचलला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की साखरपुड्यात जे घडलं त्याबद्दल आय रिग्रेट.

अण्णांना इंग्रजी येत नाही. पण चकलांब्यात त्यांच्या घरासमोर बाळूचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचून वाचून बाळू त्या गावचा इंग्रजीचा अंतिम अधिकारी झाला आहे. दुसऱ्या दिवशी अण्णांचा आवाजी निरोप आला. त्यांनी बोलायच्या आधीच बटण दाबलं होतं, त्यामुळं मला अख्खं दुकान ऐकू आलं.

"वाच बे, दाजीनं काय लिवलंय."

"रिग्रेट लिवलंय अण्णा. हे मला पाठ हाय. बियाणं उगवलं न्हाई म्हून कंपनीला पत्र टाकलं की हेच येतंय."

"म्हंजी काय?"

"म्हंजी, वाईट वाटतंय, पण बियाणं बदलून मिळणार न्हाई."

मग अण्णा थेट मला म्हणाले, "दाजी, तुमाला वाईट वाटतंय पण फेटा द्यायचा न्हाई, असं हाय व्हय? बरं." आणि निरोप संपला.

राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, रिग्रेटची इतकी चोख व्याख्या मला पंचवीस वर्षांत जमली नव्हती. मी ती वहीत उतरवून घेतली.

"काय लिहायलेत?" शोभानं विचारलं.

"काही नाही. अण्णांचं उत्तर."

"आता मराठीत बोला."

"बोलतो. फक्त शब्द थोडा जड घ्यायला हवा होता."

दुसरा निरोप मी जड केला. आय अ‍ॅम व्हेरी व्हेरी सॉरी. दोनदा व्हेरी! माझ्या आयुष्यात मी कुणालाच दोनदा व्हेरी दिलेलं नाही. या वेळीही अण्णांनी बटण आधीच दाबलं होतं, आणि बाळूनं वाचलं तेव्हा वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दुकानात मेथीच्या बियाण्याच्या पुडीला आल्या होत्या.

"सॉरी तर एसटीत म्हणत्यात अण्णा. पायावर पाय पडला की."

"मग पाय काढत्यात का?"

"न्हाई. गर्दी असती."

"मग दाजीनं दोनदा व्हेरी कावून लिवलं?"

बाळूनं विचार केला. "लई सॉरी म्हंजी बहुतेक कुणी वारलं असंल. टीव्हीत माणूस गेलं की असंच म्हणत्यात."

पुढचं मला फोनवर ऐकायला मिळालं नाही, कारण वहिनींनी बियाण्याची पुडी तिथंच टाकली होती. अर्ध्या तासात शोभाचा मोबाईल वाजला आणि पलीकडून सरळ हंबरडाच आला. "शोभे, कोण गं गेलं? दाजी बरे हायेत ना?" शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीत बसून चहा-बिस्कीट खात होतो. "आहेत अजून," ती म्हणाली, आणि त्या 'अजून'मध्ये तिनं बरंच काही घातलं होतं. वहिनींची समजूत पटेपर्यंत त्यांच्या भावकीतल्या दोन बायका पदर डोळ्याला लावून बसल्यासुद्धा होत्या.

या टप्प्यावर कुणीही थांबलं असतं. पण माझा प्रश्न आता फेट्याचा राहिला नव्हता, माझ्या विषयाचा झाला होता. पंचवीस वर्षं शिकवलेल्या भाषेत एक धड माफी मागता येऊ नये? मी ठरवलं की आता नम्रता दाखवायची. पुस्तकातली जुनी, खानदानी नम्रता. लिहिलं, आय बेग युवर पार्डन.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरनं दोन पोती ज्वारी उतरवली. पोत्याच्या शिवणीत चिठ्ठी खोचलेली होती. अण्णांचं अक्षर, शोभाच्या नावानं. 'बाळू म्हनतो दाजीनं भीक मागायलोय असं लिवलंय. माझ्या बहिनीच्या घरी अशी येळ यावी हे मला खपनार न्हाई. ज्वारी पाठिवली हाय. मी बोलत न्हाई ते न्हाईच. रुसवा येगळा, ज्वारी येगळी.'

शोभा पोत्यावर बसून आधी हसली आणि मग रडली. मी चिठ्ठी दोनदा वाचली. रुसवा आणि ज्वारी यांतला फरक हा माणूस इतका बरोबर ओळखतो आणि मी इथं पार्डन घेऊन बसलोय, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं. मला काय वाटलं? बेग हा शब्द टाळायला हवा होता, एवढंच वाटलं.

"आता तरी फोन करा," शोभा डोळे पुसत म्हणाली.

"फोन नको. आता लेखीच देतो. अंतिम."

"परीक्षा आहे का ही?"

तरीही दिलं. चांगल्या कागदावर, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. मी बिनशर्त अपॉलॉजाईज करतो, खाली पूर्ण नाव, सही, तारीख. यात आता कुणालाही खोट काढता येणार नाही याची मला खात्री होती, आणि कुणी काढलीही नाही. तोच घोटाळा झाला. बाळूनं कागद वाचला आणि उठून उभाच राहिला. "अण्णा, हे माझ्या वरचं हाय. हे वकिली हाय." मग दोघं मोटारसायकलवर गेवराईला गेले. तिथल्या एका वकिलानं चष्मा लावून सांगितलं की हा पक्का लेखी माफीनामा आहे, अशी वस्तू फार कमी लोकांना मिळते, सांभाळून ठेवा. अण्णांनी येताना लॅमिनेशन करून घेतलं.

झालं! मी निवांत झालो. आता अण्णा येणार. मी अश्विनीला सांगून टाकलं, "बघ, योग्य शब्द सापडला की काम होतं."

दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला, पण शोभाला. शोभानं स्पीकर लावला. आवाज पार पडलेला होता.

"शोभे, मी आता लग्नाला येत न्हाई."

"आता काय झालं अण्णा?"

"काय व्हायचंय? आनंदाच्या भरात तो कागद मी पारावर चार जणांना दाखिवला. तर मलाच झाडायले सगळे. म्हणतेत, अण्णा, जावयाकडनं लेखी घेतलंस? जावई हाय का कैदी? सात पिढ्यांत ह्या गावात असं कुणी केलतं का? तुझी वहिनी तर दोन दिस बोलंना. मी कवा मागितलं होतं गं लेखी? आता कोणत्या तोंडानं त्या मांडवात येऊ?"

म्हणजे बघा. आधी ते रुसले होते म्हणून येत नव्हते. आता ते शरमले होते म्हणून येत नव्हते. रुसलेल्या माणसाला मनवता येतं, शरमलेल्याला कसं मनवायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही. आणि हा सगळा पल्ला मी फक्त चार शब्दांत गाठला होता. लग्नाला पाच दिवस राहिले होते.

फोन बंद झाल्यावर अश्विनी माझ्यासमोर येऊन बसली. हातावर मेंदी काढायची तारीख ठरत होती आणि पोरीचे डोळे सुजलेले होते.

"पप्पा, दहावीला मला केंद्रावर कोण न्यायचं?"

दहावीला मी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षक होतो. ऐन ज्वारीच्या काढणीत अण्णा दहा दिवस आमच्याकडं येऊन राहिले होते. रोज तिला मोटारसायकलवर नेऊन सोडायचे आणि तीन तास शाळेच्या फाटकासमोर उन्हात बसायचे. इंग्रजीच्या पेपरला जाताना ती रडायला लागली, तर तिला म्हणाले होते, "रडू नगं. मला तर एक अक्षर येत न्हाई, माझं काय अडलं का?" मी इंग्रजीचा मास्तर, आणि माझ्या पोरीची इंग्रजीची भीती घालवली ती ज्याला ए-बी-सी येत नाही त्यानं.

"मला मामा पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही काय लिहिता ते मला माहीत न्हाई. मला तो हाताला धरून नेताना पाहिजे." मी उठलो, कपाटातून नवा गुलाबी फेटा पिशवीत घातला आणि शोभाला म्हणालो, "डबा नको. चकलांब्याला चाललो."

अंबाजोगाईहून बीड, बीडहून गेवराई, गेवराईहून चकलांबा. तीन एसट्यांत मी 'चुकलो' या शब्दाचा सराव केला. ओठ हलत होते म्हणून शेजारच्या बाईनं मी नामस्मरण करतोय असं समजून मला खिडकीची जागा दिली.

अण्णांच्या दारात पोहोचलो तर घरात एकच पळापळ. जावई, न सांगता! वहिनींनी पायावर पाणी ओतलं, बाजेवर सतरंजी टाकली. अण्णा आतून आले, मान खाली. मी पण मान खाली. आम्ही दोघं एकमेकांच्या पायांकडं बघत बसलो.

"पाऊसपाणी?" मी म्हणालो. (सव्वीस वर्षांची सवय!)

"ठीक हाय."

चहा आला. साखर जास्त होती, मी एक शब्द काढला नाही. मग अण्णा उठले, आत गेले आणि हातात कापडाची घडी घेऊन आले. भगवा फेटा. "जावई दारात आल्यावर मोकळ्या डोक्यानं जाऊ द्यायची आपली पद्दत न्हाई," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "रुसवा येगळा."

त्याच वेळी मी पिशवीतून गुलाबी फेटा काढला.

आता अडचण अशी, की फेटा बांधता येणं ही कला आहे आणि ती आम्हा दोघांनाही येत नव्हती. अण्णांनी माझ्या डोक्याला कापड गुंडाळायला घेतलं, ते नाकावर आलं. मी त्यांच्या डोक्याला गुंडाळायला घेतलं, त्यात त्यांचा कान आणि माझं बोट दोन्ही अडकले. वहिनी दारामागं पदर तोंडात धरून उभ्या. समोर बाळू दुकान सोडून आलेला.

"दाजी, उलटं गुंडाळायलाव," बाळू म्हणाला.

"धरा की जरा. मान हलवू नका."

"कान दुखायलाय हो!"

"चुकलं, चुकलं. अण्णा, चुकलोच मी. सगळंच चुकलं."

ते एकदम बाहेर आलं. कानाबद्दल म्हणालो होतो की साखरपुड्याबद्दल, मला सांगता येणार नाही. पण म्हणून झाल्यावर माझे हात थांबले, अण्णांचेही थांबले. अर्धा फेटा त्यांच्या डोक्यावर, अर्धा माझ्या हातात.

"तवा मी जेवून जायाला पाहिजे होतं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "पोरगी आत वाट बघत बसलीती. मी टोपी बघत बसलो."

मग आम्ही दोघं रडलो. सांगायला लाज वाटते, पण रडलो. दोन पन्नाशीच्या पुढची माणसं, डोक्यावर दोन सुटलेले फेटे, आणि बाळू मध्ये उभा राहून दोघांची टोकं धरून होता. शेवटी त्याच्याच मदतीनं आम्ही ते कसेबसे, वाकडेतिकडे बांधले. त्या दिवशी माझ्या ताटात बाजरीची भाकरी आणि ठेचा आला, त्याची चव अजून जिभेवर आहे. कारण शेजारी बसून अण्णाही जेवले.

लग्नाच्या दिवशी अण्णा पहाटेच हजर. डोक्यावर तोच गुलाबी फेटा, मी बांधलेला, तसाच वाकडा. त्यांनी तो चार दिवस गाठ न सोडता पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. फेटेवाल्यानं पाहिलं आणि तो कळवळला. "मामा, सोडून नीट बांधून देतो."

"हात लावू नगं," अण्णा म्हणाले. "दाजीनं बांधलाय."

मी या वेळी फेट्यांची यादीच केली होती. नावासकट. पाहुण्यांत मुख्याध्यापकांचं नाव सर्वांत शेवटी, त्याखाली माझं. अण्णांचा फेटा डोक्यावरच होता, म्हणून त्यांचं नाव यादीत नव्हतं. एक कमी नाही, एक जास्त नाही. अभिमानानं मी यादी खिशात ठेवली आणि वर पाहिलं, तर अण्णांच्या मागं नवा सदरा घालून बाळू उभा.

"ह्याला मुद्दाम आणलं," अण्णा म्हणाले. "तुमचं सगळं इंग्लिश ह्यानंच पेललं. मानाचा माणूस हाय."

बाळू लाजून उभा. उघडं डोकं. फेटेवाल्याच्या हातात शेवटचा फेटा होता आणि तो माझा, म्हणजे वधूपित्याचा होता. पुण्याचे व्याही शेजारीच. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं, "बाळू, तुम्ही तर घर..." आणि मी जीभ अशी चावली की डोळ्यांत पाणी आलं. "बांधा," मी फेटेवाल्याला म्हणालो, "ह्यांना बांधा." आणि टॉवेल-टोपीच्या ढिगातून एक पांढरी टोपी उचलून डोक्यावर घातली. टॉवेल खांद्यावर टाकला. नवरदेवाच्या मावशीनं लगेच मला हाक मारली, "ओ मंडपवाले, इकडं दोन खुर्च्या आणा." मी आणल्या.

मग भटजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." खोलीचं दार उघडलं. अश्विनी बाहेर आली आणि तिचा हात अण्णांच्या हातात होता. वाकडा फेटा एका कानावर आलेला, छाती पुढं, डोळे भरलेले. पोरगी खाली बघून चालायची सोडून मामाकडं बघून हसत होती. मला काहीच दिसेना. मी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. (टॉवेलचा हा उपयोग फेट्याला नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

अंतरपाटाजवळ आल्यावर अण्णांची नजर माझ्यावर पडली. आधी टोपीवर, मग टॉवेलवर, मग बाळूच्या डोक्यावरच्या तुऱ्यावर. त्यांना सगळं कळलं. अक्षता हातात घेऊन अख्खा मांडव थांबलेला असताना ते माझ्याकडं वाकले आणि मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाले, "दाजी, आय रिग्रेट!"

"काय म्हणाले ते?" पुण्याच्या व्याह्यांनी विचारलं.

मी सांगणार, एवढ्यात फेटा सावरत बाळू पुढं झाला. "रिग्रेट म्हंजी, वाईट वाटतंय, पण फेटा मिळणार न्हाई."

पुढच्या सोमवारी मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रिग्रेट आणि अपॉलॉजाईजमधला फरक लिहिला. उदाहरण म्हणून शेजारी लग्नातला माझा फोटो चिकटवला. पोरांनी लगेच उतरवून घेतलं. फक्त मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, ह्या मंडपवाल्याला काय झालं?"